बॉसवेनची अकरा घरं

लॅनेरिकच्या बागेच्या फाटकावर मी एकतीस वर्षं तिकिटं फाडली. एवढ्या वर्षांत एक कळलं, माणूस कुठून आला ते त्याच्या बुटांवरून सांगता येतं. पोर्थविडन बंदरावरून थेट आलेल्यांच्या बुटांना ओली रेती असायची. थर्झा राउसच्या बसमधून उतरणाऱ्यांचे बूट मात्र पांढरे, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. कारण ती सकाळी बंदर दाखवायची, दुपारी खाण, आणि चहाच्या वेळेला सगळ्यांना माझ्याकडे आणून सोडायची.

"हिल्डा, एकोणतीस माणसं आणि एक कुत्रा," ती बसच्या खिडकीतूनच ओरडून सांगायची. "कुत्र्याला जास्त अक्कल आहे."

थर्झा माहेरची किट्टो. तिचा जन्म बॉसवेनचा. टेकडीच्या उतारावर अकरा घरं आणि एक छोटं प्रार्थनाघर, एवढंच बॉसवेन. तिथले सगळे पुरुष शेजारच्या चिनी मातीच्या खाणीत. जाड नळांतून पाण्याचा झोत मारून उतार फोडायचा, दुधासारखं पांढरं पाणी खाली हौदांत निवळू द्यायचं, मग तळाशी बसलेला साका भट्टीवर वाळवून पोर्थविडनहून जहाजात भरायचा. परमुलखात त्याच्या कपबशा आणि गुळगुळीत कागद व्हायचे. आमच्याकडे उरायचे ते टाकाऊ वाळूचे पांढरे डोंगर.

थर्झाचे वडील ती लहान असतानाच गेले. आई सेलिना हिनं दोन मुलं वाढवली. मोठा क्लेमंट, म्हणजे क्लेम, आणि त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी थर्झा. क्लेम चौदाव्या वर्षी खाणीत लागला आणि पुढं मुकादम झाला. थर्झानं बसवाल्या आर्थर राउसशी लग्न केलं आणि पोर्थविडनला राहायला गेली.

आर्थरची बस एकच होती. सकाळ-संध्याकाळ शाळेची मुलं, उन्हाळ्यात पाहुणे. बहात्तर साली त्याची उजवी बाजू लुळी पडली. थर्झा तेव्हा चाळीस वर्षांची होती. सहा आठवड्यांत ती बस चालवायला शिकली. पहिल्या दिवशी बंदराच्या अरुंद धक्क्यावर ती बस मागं कशी घेते ते बघायला निम्मे कोळी भिंतीवर येऊन बसले होते. तिनं एका दमात बस मागं घेतली, काच खाली केली आणि विचारलं, "काय रे, समुद्रातले मासे संपले वाटतं?"

पाहुण्यांना ती जे सांगायची ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. बंदरावर ती तिच्या आजीबद्दल सांगायची. पांढरी टोपी घालून, हातात पातं घेऊन, मातीच्या वाळलेल्या विटा खरवडून साफ करणाऱ्या बायकांत तिची आजी होती. थंडीत बोटांना भेगा पडायच्या आणि भेगांत माती भरायची. ते ऐकताना माणसं आपोआप स्वतःचे हात बघायची.

खाणीवर मात्र ती दोन मिनिटांच्या वर थांबत नसे. तिथं कठड्याशी एक ओटा केलेला आहे. खाली अर्धा मैल रुंद खड्डा आणि तळाशी हिरवंनिळं पाणी. पाहुणे हरखून जायचे, फोटो काढायचे. कुणीतरी विचारायचंच, "इथं आधी काय होतं हो?"

"काही नाही. माळरान," थर्झा म्हणायची आणि बसकडे चालू लागायची.

हे खोटं आहे हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला तसं म्हणून दाखवणारं कुणी नव्हतं.

झालं होतं ते असं. सासष्ट साली खाण रुंदावत बॉसवेनच्या उंबऱ्यापर्यंत आली. जमीन कंपनीची होती. दहा घरांनी कागदावर सह्या केल्या आणि गावाबाहेरच्या नव्या चाळींत मुक्काम हलवला. सेलिना किट्टो तेवढी राहिली. तिच्या मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती, पण ती म्हणायची, "भिंतीला जायचं तर जाऊ दे. मी कुठं जात नाही." ऑक्टोबरात ती अंगणात पडली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. ती दवाखान्यात असताना क्लेमनं सही केली, घर त्याच्या नावावर होतं म्हणून. फेब्रुवारीत घर पाडलं. सेलिनाला दवाखान्यातून नेलं ते थेट चाळीतल्या एका खोलीत, जिच्या खिडकीसमोर दुसऱ्या चाळीची भिंत होती. एप्रिलमध्ये ती गेली.

दफनभूमीतून परतताना थर्झा सगळ्यांदेखत भावाला म्हणाली, "तू आईला विकलंस."

पुढची वीस वर्षं ती दोघंही एकमेकांशी बोलली नाहीत. दोन मैलांच्या अंतरावर राहत होती. दर रविवारी पोर्थविडनच्या एकाच प्रार्थनाघरात, एकाच गायनवृंदात उभी राहायची, तो मागच्या रांगेत खर्जात गाणारा, ती पुढच्या रांगेत. आवाज एकमेकांत मिसळायचे. गाणं संपलं की तो डाव्या दारानं जायचा, ती उजव्या.

यात माझाही एक लहानसा अपराध आहे, तो सांगितला पाहिजे. क्लेम दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात बागेत यायचा. थर्झाच्या फेऱ्या ईस्टरनंतर सुरू व्हायच्या, त्यामुळे दोघांची गाठ पडत नसे. तो माझ्याकडून किल्ली घेऊन, टोपी हातात धरून सरळ मागच्या भिंतीच्या दाराकडे जायचा, अर्धा तास तिथं उभा राहायचा आणि मला "येतो हिल्डा" म्हणून निघून जायचा. मी त्याला कधी विचारलं नाही आणि थर्झाला कधी सांगितलं नाही. भांडलेल्या भावंडांमध्ये चहाड्या करणाऱ्याची आमच्याकडे खैर नसते. पण नुसतं "क्लेम येऊन गेला गं" म्हणायला काय हरकत होती, असं आता वाटतं.

सत्त्याऐंशीच्या जूनमधला बुधवार. सकाळी दहा वाजता पोर्थविडनच्या धक्क्यावर क्लेम किट्टो बसमध्ये चढला. दम्यामुळे त्याला वेळेआधीच निवृत्त केलं होतं. अंगात रविवारचा कोट. त्यानं तिकीट मागितलं, थर्झानं चेहरा न हलवता फाडून दिलं. तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. बंदरावर ती बोलली ते त्यानं इतर पाहुण्यांसारखंच ऐकलं.

खाणीवर काय झालं ते मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं, पण मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं. बर्मिंगहॅमच्या एका बाईनं नेहमीचा प्रश्न विचारला. थर्झा म्हणाली, "काही नाही. माळरान."

"अकरा घरं होती," मागून क्लेम म्हणाला.

सगळे वळले. थर्झा पाठमोरीच राहिली.

"अकरा घरं आणि प्रार्थनाघर," तो धापा टाकत बोलत होता. "ते पाणी दिसतंय ना, त्याच्यावर सव्वाशे फूट हवेत. तिथं आमचं स्वयंपाकघर होतं. या बाई तिथंच जन्मल्या. मीही."

"चला, उशीर होतोय," थर्झा म्हणाली.

"मला लोकांनी सांगितलं होतं, तू असं सांगतेस म्हणून. मला खरं वाटेना. म्हणून ऐकायला आलो. मला शिव्या दे, थर्झी, हक्क आहे तुझा. पण आईचं घर नव्हतंच, असं म्हणू नकोस."

बस बागेत आली. त्या दिवशी थर्झानं खिडकीतून माणसं मोजून सांगितली नाहीत. पाहुणे चहाकडे पांगले. क्लेम माझ्यासमोर येऊन थांबला. "हिल्डा, मागच्या भिंतीच्या दाराची किल्ली दे." मग बसकडे बघून म्हणाला, "तू पण ये. दहा मिनिटं. मग परत वीस वर्षं बोलू नकोस."

मला वाटलं ती येणार नाही. ती उतरली. किल्ली माझ्याकडे म्हणून मीही गेले. जायला नको होतं कदाचित.

मागच्या भिंतीशी, दक्षिणेच्या उन्हात, माणसाहून उंच असं कॅमेलियाचं झाड आहे. पाहुण्यांना घेऊन थर्झा भिंतीबाहेरच्या वाटेनं शेकडो वेळा गेली असेल. ते मार्चमध्ये फुलतं, जूनमध्ये त्याला फूल नसतं. गर्द, चकचकीत पानं, बस.

"हे आईचं," क्लेम म्हणाला.

"कुठलं आईचं?"

"न्हाणीजवळचं. घर यंत्रानं पाडणार होते. मी म्हटलं, मी पाडतो. तीन रविवार लागले. छताच्या पाट्या एकेक उतरवल्या. शेवटी हे राहिलं. बोलिथो तेव्हा इथला मुख्य माळी होता, तो म्हणाला आण. चौघांनी मुळांसकट उपटलं, गोणपाटात बांधलं आणि खाणीच्या ट्रकमधून आणलं. आईला सांगितलं होतं, उन्हाळ्यात दाखवायला नेतो. तिला उन्हाळा मिळाला नाही."

थर्झानं एक पान बोटांत धरलं. "सगळ्या कॅमेलियांची पानं सारखीच असतात."

"असतात."

"मग मी तुझ्यावर विश्वास ठेवायचा."

"ठेव असं म्हणत नाही मी."

"मला का नाही सांगितलंस?"

क्लेमला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. "तू म्हणालीस ते खरंच होतं ना," तो म्हणाला. "सही मीच केली. भिंत पडली असती, ती आत मेली असती, हे मला माहीत होतं. तरी तिला विचारून करायला हवी होती. विचारायची हिंमत झाली नाही. झाडाचं सांगितलं असतं तर ते माफी मागण्यासारखं झालं असतं."

"मग मागायची होतीस माफी," थर्झा म्हणाली, आणि पान सोडून बसकडे गेली. क्लेम त्या दिवशी बागेतून चालत घरी गेला. चार मैल, त्या छातीनं.

मला वाटलं, संपलं. पुढच्या मार्चमध्ये, फेऱ्या सुरू व्हायच्या कितीतरी आधी, थर्झा सायकलवरून आली. मी किल्ली दिली. बराच वेळ ती परत आली नाही तेव्हा मी बघायला गेले. झाड पांढऱ्या फुलांनी भरलं होतं, प्रत्येक पाकळीवर एक गुलाबी रेघ, कुणी ब्रश पुसल्यासारखी. थर्झा खाली ओल्या गवतावर बसली होती. तिला रडताना मी आर्थरच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच बघत होते.

"आईचंच आहे. अशी रेघ तिच्याच झाडाला होती," ती म्हणाली. मग नाक पुसून उठली. "छाटणी कसली गाढवासारखी केलीय. क्लेमला सांग."

"तूच सांग की. मी काय टपालखातं आहे?"

तिनं सांगितलं. नेमके शब्द मला ठाऊक नाहीत, पण त्या रविवारी दोघं एकाच दारानं बाहेर पडली आणि सगळ्या प्रार्थनाघरानं न बघितल्याचं नाटक केलं. माफी कुणी मागितली, कुणी दिली, हे मी विचारलं नाही. तिच्या मनात काही राहिलंच होतं. एकदा चहा पिताना ती मला म्हणाली, "राग गेला असं नाही गं हिल्डा. पण एकटीनं सांभाळायचा कंटाळा आला."

त्यानंतर सहा उन्हाळे क्लेम दर बुधवारी बसमध्ये असायचा. खाणीवर ती त्याला पुढं करायची. तो पाण्याचा झोत कसा धरायचा ते दाखवायचा, ती त्याला मध्येच तोडायची.

"प्रार्थनाघर डावीकडं होतं."

"उजवीकडं. तू घराकडं तोंड करून सांगतेयस, मी खाणीकडं."

"खाणीकडं तोंड करूनच तर सगळं गमावलंस."

पाहुण्यांना आधी कळायचं नाही, हसावं की नाही. मग क्लेमच हसायचा. दोन मिनिटांचा थांबा चाळीस मिनिटांचा झाला आणि माझ्याकडे चहाचं पाणी दोनदा उकळायला लागायचं.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत क्लेम गेला. छातीत पांढरी धूळ इतकी साठली होती की शेवटचे काही आठवडे तो बसूनच झोपायचा. थर्झा त्याच्या घरी मुक्कामाला होती. त्यानंतर तिनं आणखी तीन उन्हाळे बस चालवली आणि विकून टाकली.

नव्व्याण्णव साली स्थानिक परिषदेनं खाणीवरच्या त्या ओट्यावर फलक लावायचं ठरवलं. परिषदेचा माणूस मसुदा घेऊन थर्झाकडे आला. मी तिच्या स्वयंपाकघरात केशर घातलेला बनपाव खात बसले होते. मसुद्यात होतं, ‘येथील वस्ती इतरत्र हलवण्यात आली.’

"हलवायला ती काय कपाटं होती?" थर्झा म्हणाली. "पाडली, असं लिहा."

त्यानं लिहिलं. मग तो जरा दबकत म्हणाला, "बाई, लोकांना काय वाटलं, भावना वगैरे, त्यावर चार ओळी टाकू या का?"

"ते नको. नावं नीट लिहा."

आणि तिनं अकराही घरांची नावं सांगितली, वरच्या टोकापासून खालपर्यंत, कोण कुणाच्या शेजारी होतं त्या क्रमानं. किट्टोंचं घर आल्यावर थांबली. "सेलिना किट्टो. तिची मुलं, क्लेमंट आणि थर्झा. एकाच ओळीत."

फलकावर तेवढी जागा नव्हती, म्हणून त्या ओळीची अक्षरं इतरांपेक्षा बारीक आली. थर्झा आता नव्वदीत आहे, पोर्थविडनच्या वरच्या रस्त्यावरच्या वृद्धाश्रमात असते, आणि त्या अक्षरांवरून परिषदेला दर वर्षी एक पत्र पाठवते. चष्मा तिला दगा देतो, म्हणून मजकूर ती सांगते आणि लिहिते मी.