कशावरही दळा

"मग तू खातेस तरी काय?"

हा प्रश्न मला लग्नात, बसमध्ये, बँकेच्या रांगेत, कुठेही विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर हमखास कीव असते. मला या किवेचा राग येतो. दूध, दही, तूप, अंडी, मध हे सगळं मी दोन वर्षांपूर्वी सोडलं, ते स्वतःच्या डोक्यानं सोडलं, आणि त्यावर समोरच्याचा स्टॉप येईपर्यंत वाद घालायची माझी तयारी असते. गहू मात्र मी सोडला नाही, गव्हानं मला सोडलं. पोट बिघडलं ते बिघडलंच, वजन उतरत गेलं, जिना चढताना धाप लागायला लागली. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घातली आणि सांगितलं, सिलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की माझं शरीर स्वतःच्याच आतड्यांशी भांडायला लागतं. चिमूटभरसुद्धा चालत नाही. याला 'गव्हाची अ‍ॅलर्जी' म्हणू नका. ती अ‍ॅलर्जी नाही. माझ्या चुलत्याला मी हे चार वेळा सांगितलं, पाचव्या वेळी त्यानं मला खाज सुटल्यावर लावायचं मलम आणून दिलं.

तर, खाते काय? अहो, मी खान्देशात राहते! धुळ्यात वाढले, जळगावात खोली घेऊन राहते. इथं सकाळी दादरची भाकरी असते. दादर म्हणजे आमची हिवाळी ज्वारी, चवीला गोडसर. ज्वारीत उडीद घालून दळलं की त्याचा कळणा होतो. कळण्याची गरम भाकरी, तिच्यावर कच्चं शेंगदाणा तेल आणि मिरचीचा ठेचा, एवढ्यावर माणूस दिवसभर शेतात राबतो. भिजवलेली तूरडाळ भरडून, लसूण-मिरची घालून वाफवली की फुणके होतात. लोक त्यावर कढी ओततात, मी तेल घेते. आणि भरीत! काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. दाखवा मला यात दूध कुठंय ते. गहू कुठंय ते दाखवा. आणि आमचीच मुलं पुण्याला जाऊन बदामाच्या दुधाचा गार पेला हातात धरून फोटो टाकतात आणि त्याखाली लिहितात, नवी जीवनशैली.

हे सगळं मी पत्रकात लिहिलं होतं. पत्रकं लिहायची मला कॉलेजपासून सवय. आधी बसपाससाठी लिहिली, मग मुलींच्या वसतिगृहातल्या पाण्यासाठी, मग प्राण्यांसाठी. वर जाड अक्षरात प्रश्न, खाली मुद्दे, शेवटी आवाहन. या पत्रकाचा मथळा होता 'गव्हाशिवाय, दुधाशिवाय पोटभर!' एका रविवारी धुळ्याच्या बाजारात उभी राहून वाटत होते. दोंडाईच्याकडून आलेली एक भाजीवाली अक्का वांग्यांच्या ढिगामागं बसली होती. तिनं कागद उलटासुलटा केला.

"काय शे हाई?"

मी समजावून सांगितलं. दूध नाही, गहू नाही, तरी पोटभर. भाकरी, ठेचा, भरीत, डाळी.

तिनं ऐकून घेतलं. "हाई ते आम्हनं रोजनं जेवण शे, बाई. त्याना कागद काब्र छापा?"

रोजच्या जेवणाचा कागद कशाला छापला, हे ऐकून शेजारचा लसूणवाला इतका हसला की त्याचा तराजू हलला. अक्कानं पत्रक वाया घालवलं नाही. त्यात अर्धा पाव मिरच्या बांधून गिऱ्हाइकाला दिल्या.

आता मुद्द्यावर येते. गहू बंद करून सहा महिने झाले, डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं आणि आकडा होता तिथंच. त्यांनी चष्मा काढला. "कुठून तरी गहू जातोय पोटात."

"शक्यच नाही," मी म्हटलं.

"रिपोर्ट खोटं बोलत नाही."

"मीही बोलत नाही."

खरंच बोलत नव्हते. मी प्रत्येक पाकिटाची पाठ वाचते. दुकानदार मला बघून गल्ल्यावरचा पंखा माझ्याकडे वळवतो, कारण मला वेळ लागतो हे त्याला ठाऊक आहे. हिंगात गव्हाचं पीठ मिसळतात हे मी स्वतः वाचून शोधून काढलं आणि त्यावर वेगळं पत्रक काढलं. सोया सॉस बंद, बाहेरचं तळण बंद. शेवभाजी माझा जीव की प्राण, पण हॉटेलातली तीही बंद. मग उरलं कोण?

उरली आई. महिन्यातले दोन रविवार मी धुळ्याला जाते आणि तिच्या हातचं जेवते.

माझी आई म्हणजे माझ्या चळवळीचा विरोधी पक्ष. गहू सोडला याचं तिला वाईट वाटत होतं, पण दूध सोडलं याचा राग होता. घरात तेव्हा एकच वाक्य चालायचं, "अंगात रक्त नाही ते दूध सोडलं म्हणून." बी-ट्वेल्व्हची गोळी मी रोज घेते, ती दाखवली तर म्हणायची, "गोळ्या खाऊन कुणी धष्टपुष्ट झालंय?"

रिपोर्ट घेऊन मी तिच्या स्वयंपाकघरात शिरले आणि थेट परात उचलली. "यात कणीक मळतेस ना?"

"ती आमची. तुझी ती वरची. तवा पण वेगळा."

"भाकरी थापताना गव्हाचं पीठ लावतेस का? जुनं पीठ झालं, विरी गेली, भाकरी थापताना तुटायला लागली की बायका मूठभर कणीक घालतात. मला माहितेय."

"माझी भाकरी तुटते?" आईनं हातातलं उलथनं खाली ठेवलं. गव्हाचा आरोप तिला लागला नव्हता, हा लागला.

मी थांबायला हवं होतं. पण पत्रकं लिहिणाऱ्याला एकदा लय सापडली की थांबता येत नाही. "मग रिपोर्ट खराब कसा? तुझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही मी. दुधाचं पटवण्यासाठी तू मला आजारी पाडतेयस."

आई अगदी बाजारात भाव ठरवावा तशा आवाजात म्हणाली, "ठीक. तीन महिने माझ्या हातचं खाऊ नको. पुढचा रिपोर्ट चांगला आला तर दोष माझा, मी पुन्हा दुधाचं नाव काढणार नाही. आणि असाच आला तर दुखणं तुझ्या दूध सोडायच्या नखऱ्यामुळं आहे हे सिद्ध झालं. मग रोज सकाळी एक पेला. माझ्यासमोर."

"दोन्हींचा संबंध काय?"

"घाबरलीस?"

"लेखी देऊ का?" मी म्हटलं. झालं. तिच्या तर्कात भोक होतं हे मला दिसत होतं, पण आव्हान स्वीकारताना तर्क कोण तपासतं? बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. रिपोर्ट वाईट आला तर मी, जिनं चारचौघांत 'वासराच्या तोंडचं' असं म्हणत डेअरीसमोर फलक धरला होता, ती मी, रोज सकाळी पेला घेऊन उभी असणार. आणि तो फोटो माझा भाऊ काढणार.

पुढचा एक महिना मी एकटीनं शिजवलं, एकटीनं खाल्लं. दादर आईकडूनच यायची, पण दाण्यांत. ती वेचून, निवडून पाठवायची, कारण ज्वारीत गव्हाचे चुकार दाणे असतात हेही तिलाच ठाऊक. भांडण असूनही पिशवी येत होती. मी भाजत होते, थापत होते, फुणके वाफवत होते आणि पोट होतं तसंच. दुपारी फुगायचं, संध्याकाळी गळून जायचे. मनात शंका यायला लागली. आई खरी असली तर? माझं सगळं बरोबर असूनही अंगाला काही लागत नसेल तर?

मग आई जळगावला आली. 'बघायला', असं म्हणाली. दोन दिवस तिनं माझं स्वयंपाकघर एखाद्या तपासणी अधिकाऱ्यासारखं पाहिलं. डबे हुंगले, लाटणं घासलं, शेजारणीच्या पोळ्यांचा तवा माझ्याकडे येतो का ते विचारलं. काहीच सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी पीठ संपलं आणि मी डबा उचलला. "चल, मीही येते," ती म्हणाली.

गिरणी माझ्या गल्लीच्या टोकाला. दोन चक्क्या, पिठानं पांढरा झालेला पंखा, डब्यांची रांग आणि गिरणीवाले नाना, ज्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असतात, त्या वयानं की पिठानं ते कळत नाही. जळगावकडच्या बोलीत ळ चा य होतो, तशी त्यांनी नेहमीची हाक दिली, "कशावर दयू, ताई?"

"कशावरही दळा, नाना," मी नेहमीचं उत्तर दिलं.

आईनं माझा दंड धरला. "काय म्हणालीस?"

"कशावरही म्हटलं. जी चक्की मोकळी असेल ती. आपल्याला घाई नाही."

"चक्की?" आईचा आवाज चढला आणि धुळ्याची बोली बाहेर पडली. "काय करी ऱ्हायनी तू? अगं, कशावर म्हणजे कशाच्या मागं! तुझ्या आधी दगडावर काय दळलं त्याच्यावर. गव्हावर दळू की ज्वारीवर दळू, ते विचारताहेत ते!"

रांगेतल्या तीन बायका माझ्याकडे वळल्या. आजारी पडायच्या आधी मी आयुष्यात कधी गिरणीत गेले नव्हते. दळण आणणं हे घरातलं कुणाचं तरी काम होतं आणि मी मोर्च्याला जायचे.

"नाना," आईनं विचारलं, "हिचं आजवर कशावर दळलं?"

"गव्हावर, अक्का."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी." नानांना काही चुकलंय असं वाटतच नव्हतं, उलट ते खूश होते. "सकाळून गव्हाची लाईन असते. मंग ज्वारीवाल्या येतात. आता शुगरवाले वाढले, त्यांना ज्वारीत गहू नको. प्रत्येक बाई म्हणते, ज्वारीवरच दया. मंग गव्हावर पहिली ज्वारी टाकायची कोणाची? ताईंची! ताई म्हणतात कशावरही चालंल. ताईंच्या डब्यानं दगड साफ होतो, मंग बाकीच्यांची चालू. असं समजदार गिऱ्हाईक नाही भेटत, अक्का."

म्हणजे मी हिंगाच्या डबीची पाठ वाचत होते, आईवर विष घातल्याचा आरोप करत होते आणि माझ्या दादरनं अख्ख्या गल्लीतल्या शुगरवाल्यांची ज्वारी शुद्ध होत होती. रोज तीन भाकऱ्या. रोज.

मला प्रचंड राग आला आणि तो कुणावर काढावा हे कळेना. असं मला सहसा होत नाही. "हे कुठं लिहिलेलं का नाही?" मी ओरडले.

"कुठं लिहायचं?" नाना म्हणाले.

रांगेतली एक बाई म्हणाली, "बठ्ठ्यांना माहीत असतं, ताई. सगळ्यांना."

आईनं डबा माझ्या हातातून घेतला आणि गिरणीतून बाहेर पडली. रस्त्यात ती हसेल, मला टाकून बोलेल, असं वाटत होतं. ती म्हणाली, आधी डॉक्टरांना विचार. मी फोन लावला, तर ते म्हणाले की गहू दळणाऱ्या चक्कीवर आधी काय दळलं याला अर्थ नाही, ती चक्कीच नको. दुसऱ्या दिवशी आई धुळ्याला गेली आणि चौथ्या दिवशी परत आली, सोबत भावाच्या लग्नात आलेली घरघंटी घेऊन. घरघंटीचं पीठ गरम होतं आणि चवीला उतरतं असं तिचं ठाम मत, म्हणून ती खोक्यासकट माळ्यावर पडून होती. आत गव्हाचा एक दाणा कधी गेला नव्हता. एसटीत कंडक्टरनं खोक्याचं वेगळं तिकीट फाडलं म्हणून ती त्याच्याशी एरंडोलपर्यंत भांडत आली होती. भांडायची सवय मला कुठून लागली हे लोक विचारतात.

मशीन माझ्या खोलीत सुरू केलं तेव्हा असा आवाज झाला की घरमालक वर आला. आईनं त्याला खुर्ची दिली आणि ताज्या पिठाची भाकरी वाढली. तो नंतर आवाजाबद्दल बोलला नाही.

आईची माफी मी लगेच मागितली नाही. मागायला हवी होती. मी तिला पत्रकाचा नवा मसुदा वाचून दाखवला, 'गिरणीत जाताना हे विचारा', आणि तिनं त्यातले दोन मुद्दे चूक काढले. मग भाकरी थापताना मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "परातीचं बोलले ते चुकलं माझं."

"आणि माझी भाकरी तुटते म्हणालीस ते?"

"ते जास्त चुकलं."

तीन महिने पुरे झाले. रिपोर्ट आला. आकडा निम्म्याच्या खूप खाली उतरला होता. डॉक्टर म्हणाले असंच चालू ठेवा, अजून वेळ लागेल. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच आईला फोन केला. ती "बरं झालं" म्हणाली आणि रविवारी ये म्हणाली. रविवारी तिनं भरीत केलं होतं, वेगळ्या तव्यावर मी नेलेल्या घरघंटीच्या पिठाच्या भाकऱ्या होत्या, आणि ठरल्याप्रमाणं दुधाचं नावसुद्धा निघालं नाही. खरं तर दोष तिचा नव्हताच, त्यामुळं पैजेप्रमाणं तिला गप्प बसायचंही कारण नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं नसावं असं समजून मीही गप्प होते.

शेवटी मला राहवलं नाही. "आई, त्या दिवशी गिरणीत तू काही बोलली नसतीस ना, तर आज मी तुझ्यासमोर बसून दूध पीत असते. कळतंय का तुला?"

"कळतंय की."

"मग बोललीस का?"

"तेव्हा सुचलंच नाही गं," आई म्हणाली आणि माझ्या ताटात भरीत वाढलं. "परत जाताना बसमध्ये सुचलं. पार पारोळ्यापर्यंत हळहळत होते."

"आणि पारोळ्याला?"

"पारोळ्याला उतरून चहा घेतला. मग बरं वाटलं."