पडद्याच्या दोरावरचा छगन

श्रीगोंद्याकडच्या एका गावात जत्रेचं नाटक असलं की पडदा ओढायला छगन गव्हाणेच लागे. नट बदलले, पेटीवाले बदलले, दोरावरचा छगन काही बदलला नाही. राजा मरून पडला तरी पडदा पडल्याशिवाय त्याला उठायची सोय नव्हती. एकदा छगन तंबाखू मळत बसला आणि डास चावत असतानाही राजा निमूट मेलेलाच राहिला.

यंदा लेक वृषालीनं त्याला नगरला थेटरात नेलं. तिथं पडदाच नव्हता. चार खुर्च्या, एक नवरा, एक बायको आणि हळू आवाजातलं भांडण, एवढंच नाटक. प्रवेश संपला की अंधार व्हायचा आणि नटच खुर्च्या उचलून न्यायचे.

शेवटी नवरा मेला. अंधार झाला, दिवे लागले आणि सगळ्यांदेखत नवरा उठून हात जोडत उभा राहिला. लोकांनी टाळ्या पिटल्या. छगनचे हात मांडीवरच होते.

"आण्णा, आवडलं न्हाई का?" वृषालीनं विचारलं.

"आपल्या गावात मढंसुदीक," छगन म्हणाला, "मला इचारल्याबिगर उठत न्हाई."