जीपच्या काचेसाठी दोन दुकानं

वडिलांची जीप पलटणीच्या लिलावातली होती. ते स्वतः काही वर्षं पलटणीत ट्रक चालवून आले होते, त्यामुळे नुसत्या आवाजावरून तिला काय होतंय हे त्यांना कळायचं. आमच्या धावड्याहून भोकरदन आणि भोकरदनहून जालना अशा सीटा ते नेत. बाजाराच्या दिवशी जीप मागून लोंबकळणाऱ्या माणसांनी भरायची, एरवी दवाखान्याला किंवा कचेरीला निघालेली चार-सहा माणसं असायची. मी तेव्हा नुकतीच शेजारच्या गावच्या शाळेत बाई म्हणून लागले होते. राहायला घरीच होते.

दुष्काळ संपून एक पावसाळा गेला होता. दुष्काळी कामावर फोडलेली खडी अजून रस्त्यांवर सैल पडलेली असायची. एका दुपारी भोकरदनच्या अलीकडे समोरून भरलेला ट्रक गेला आणि त्याच्या चाकाखालचा दगड उडून जीपच्या काचेवर बसला. त्या जीपला पुढं दोन सपाट काचा होत्या, मध्ये लोखंडी पट्टी. फुटली ती वडिलांच्या समोरची. काच खाली पडली नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखी सगळी तडकली आणि तशीच उभी राहिली. दोन पातळ काचांच्या मध्ये पापुद्रा घातलेली ती पलटणीची काच होती. पण तिच्यातून दिसेना, म्हणून वडिलांनी गाडी थांबवून ती हातानं काढून टाकली.

पुढचे आठ दिवस त्यांनी डोक्याला आणि तोंडाला पंचा गुंडाळून गाडी चालवली. संध्याकाळी घरी आले की डोळे लाल असायचे. आई त्यांना पाण्यानं डोळे धुवायला लावायची आणि काच कधी बसवणार एवढंच विचारायची. मागं बसणारी माणसंही धुळीला कंटाळली होती. शेवटी रविवारी जालन्याला जायचं ठरलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मलाही चल म्हणाले. मी शिकलेली, चार ठिकाणी बोलून पाहीन, असं त्यांना वाटत असावं.

आधी आम्ही नवीन जालन्यात, स्टेशनकडच्या एका मोठ्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. वडील कितीतरी वर्षं तिथूनच पट्टे, प्लग, रबरं घेत होते. दुकानदार त्यांच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल. आम्ही पायरीशी पोचतो तोच तो म्हणाला, "काय रे, आज काय काढलं?"

दुकानात वडिलांना अरेतुरे केलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आम्ही बौद्ध. धर्म बदलला तेव्हा मी तीन-चार वर्षांची असेन, त्यामुळे आधीचं मला काही आठवत नाही. मला माहीत होती ती शाळा, कॉलेज, आणि वर्गातल्या पोरांनी मला म्हटलेलं 'बाई'. दुकानदाराला आमचं गाव माहीत होतं आणि गावातली आमची आळीही. आमच्या आधी आलेल्या एका शेतकऱ्याशी तो अहोजाहो करत होता, आणि तो शेतकरी तर माझ्याच वयाचा होता. वडील पायरीखाली उभं राहून काचेचं सांगत होते. त्यांना त्यात काही वेगळं वाटत नसावं, किंवा वाटून वाटून संपलं असावं.

माल मात्र त्यानं चांगला दाखवला. पेंढ्यात आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली काच स्वतः उलगडली, कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का दाखवला. म्हणाला, "बिलकुल असली हाय. फुटली तरी जागची हलायची न्हाई. तुझी पहिली होती तशीच."

वडिलांनी मान हलवली. मी म्हणाले, आणखी एक-दोन ठिकाणी बघून येतो. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मागं आले.

मोटारस्टँडजवळ एक नवं दुकान निघालं होतं. मालक पंचविशीचा. आम्ही दारात दिसताच तो उठला. "या काका, बसा. ताई, तुम्ही बी बसा," म्हणाला आणि पंख्याखालच्या दोन खुर्च्या आमच्याकडे वळवल्या. माठातलं पाणी स्वतः आणून वडिलांच्या हातात पेला दिला. कुठले, काय, विचारलं. मी मुद्दाम गावाबरोबर आमचं आडनावही सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. त्यानं रिकामा पेला वडिलांच्या हातातून घेतला आणि परत भरून दिला.

काच त्याच्याकडेही होती. तिच्यावर शिक्का नव्हता. वडिलांनी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि विचारलं, "डबल हाय का ही?"

"मोटारीचीच हाय काका," तो म्हणाला.

हे उत्तर नव्हतं. आज मला ते लगेच कळतं. त्या दिवशी मी पंख्याखाली बसले होते आणि मला फार बरं वाटत होतं. वडील माझ्याकडे वळले.

"मंग तू म्हण, कुठं बसवायची."

मी म्हणाले, इथंच.

तासाभरात काच बसली. परत येताना मला दिसलं की काचेच्या खालच्या कोपऱ्यात रस्ता जरासा हलतो, पाण्यातून पाहावं तसा. वडिलांनाही दिसलंच असणार. पण वाटेत त्यांनी मला शाळेतल्या पोरांविषयी विचारलं, आणि मी पहिलीच्या वर्गातल्या गमती सांगत आले.

ती काच अडीच महिने टिकली. श्रावणातल्या एका सकाळी वडील सीटा घेऊन निघाले असताना कडेच्या बाभळीतून तितर उडाला आणि सरळ काचेवर आदळला. एवढासा पक्षी. पण काच मोठमोठ्या तुकड्यांनी आत आली. वडिलांनी स्टिअरिंग सोडलं नाही, गाडी कडेला घेऊन उभी केली आणि मगच कपाळाला हात लावला. डाव्या भुवईच्या वर कापलं होतं. डोळा वाचला तो दोन बोटांनी. बरोबरच्या माणसांपैकी एकानं जीप चालवत त्यांना भोकरदनच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

मला शाळेत निरोप आला. मी पोचले तेव्हा टाके घालून झाले होते. वडील बाहेरच्या बाकावर बशीनं चहा पीत बसले होते, सदऱ्यावर रक्त वाळलेलं. मला पाहून म्हणाले, "तू कशाला शाळा सोडून आली?" मग सरकून त्यांनी मला बसायला जागा दिली.

दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलू शकले नाही. तिसऱ्या दिवशी ते अंगणात जीपचं बॉनेट उघडून काही करत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"बाबा, पहिल्या दुकानदारानं तुम्हाला अरे म्हटलं म्हणून मी तिथून निघाले होते."

"ठाऊक हाय मला."

"काच कशी आहे ते तुम्हाला कळलं होतं?"

"कडंवरूनच कळलं. एकेरी व्हती."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी फडक्यानं हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "मला बी तिथं बसून पाणी प्यायला बरं वाटलं," ते म्हणाले. "वाटलं, चालंल. जरा हळू चालवीन."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा समजूत तरी काढतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. मला पाना द्यायला सांगितला आणि परत वाकले.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जालन्याला गेलो. या वेळी कुठं जायचं हे कुणी कुणाला विचारलं नाही. स्टेशनकडच्या दुकानाची पायरी मी आधी चढले. वडील माझ्या मागं, कपाळाला पट्टी. दुकानदारानं पाहिलं आणि म्हणाला, "काय रे, डोक्याला काय झालं?"

मी रस्ताभर वाक्य जुळवत आले होते. ते एका दमात म्हणून टाकलं.

"हे माझे वडील आहेत. तुमच्यापेक्षा वयानं मोठे आहेत. त्यांना अहो म्हणा."

साखळी निवडत असलेलं एक गिऱ्हाईक मागं वळून पाहू लागलं. मला वाटलं, आता हा दुकानदार जा म्हणणार, आणि असली काच अख्ख्या जालन्यात दुसरीकडे कुठं मिळते ते आम्हाला ठाऊक नव्हतं. दुकानदारानं समोरचे कागद सारखे केले.

"बाई," तो मला म्हणाला, "इतक्या वर्षांची सवय हाय."

"म्हणूनच सांगते आहे," मी म्हणाले.

त्यानं कागद बाजूला सरकवले. मग वडिलांकडे न पाहता बोलू लागला. "काच तीच न्यायची का? गाडी कुठं उभी केली हाय? मिस्त्रीला संगं धाडू का?" मी मराठी शिकवत होते, त्यामुळे माझ्या लगेच लक्षात आलं. त्याला 'तू' म्हणायचं नव्हतं आणि 'तुम्ही' तोंडातून निघत नव्हतं. पुढचा अर्धा तास त्यानं दोन्ही न वापरता काढला. एकदा फक्त अडला. काच पेंढ्यातून उचलायची होती आणि दुसरं टोक वडिलांनी धरायला हवं होतं. तो दोन क्षण थांबला आणि म्हणाला, "ते टोक जरा धरलं तर बरं होईल."

वडिलांनी टोक धरलं. त्यांच्या मिशीखाली हसू आलं होतं, ते त्यांनी दाबलं.

मिस्त्री काच बसवत असताना वडील म्हणाले, "चल, त्या पोराला सांगून येऊ." मला जायचं नव्हतं. पण ते निघालेसुद्धा.

मोटारस्टँडजवळच्या दुकानात तो तरुण एकटाच होता. वडिलांनी आवाज न चढवता तितराचं सांगितलं आणि पट्टी थोडी उचलून टाके दाखवले. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, औरंगाबादच्या घाऊकवाल्यानं मोटारीची म्हणून दिली, आपण पुढं काही विचारलं नाही.

"मी विचारलं व्हतं की तुला," वडील म्हणाले.

त्यानं मान खाली घातली. "हो काका. तुम्ही विचारलं व्हतं."

तो दुसरी काच देऊ लागला. वडिलांनी ती घेतली नाही, नवी कुठून बसवली ते सांगितलं आणि तसला शिक्का असेल तोच माल आणत जा म्हणाले. त्यानं दुकानाचं नाव ऐकून मान डोलावली, त्यांचा माल बराबर असतो म्हणाला. मग उठून त्यानं माठातलं पाणी आणलं. वडिलांनी पेला घेतला आणि सगळं पाणी प्यायले. मला ते घ्यावं की नाही कळेना. अर्धा पेला प्यायले.

दुपारी घरी पोचलो. जेवताना वडील आईला म्हणाले, "भाकरी आणखी एक वाढली तर बरं होईल." आईला काही कळलं नाही. मला ठसका लागला. मग त्यांनी सगळं सांगितलं, दुकानदाराच्या आवाजात, आणि आई हातातलं काम सोडून ऐकत बसली.

ती काच जीप विकेपर्यंत टिकली. वडील पट्टे आणि प्लग स्टेशनकडच्या दुकानातूनच घेत राहिले. तिथं आता तुम्हाला काय म्हणतात असं मी एक-दोनदा विचारलं, तेव्हा "चाललंय त्याचं, शब्द शोधून राह्यला," एवढंच म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात मोटारस्टँडजवळच्या त्या तरुणानं शिक्क्याच्या काचा आणल्या. तसा निरोपच त्यानं एका ड्रायव्हरजवळ पाठवला होता. धावड्यात आणखी एकानं जुनी जीप घेतली होती आणि तिच्या काचेला तडा होता. वडील स्वतः त्याच्याबरोबर जालन्याला गेले आणि त्याला त्या तरुणाच्या दुकानात घेऊन गेले.