साधं हो की नाही

"लिफ्ट बंद आहे का?" असं कुणी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, की चौथ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर हजर: "जिना कुणी उचलून नेलाय का?" पाणी येणार का विचारलं, तर "टाकीत डोकावलात का?" तुमच्याही ग्रुपवर असा एखादा असेलच. पण आमचा नमुना सदाशिव पेठेतला, अस्सल. साधं हो की नाही सांगणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

मला असल्या माणसांचा संशय येतो. सरळ विचारल्यावर जो उलट विचारतो, त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी असतंच, हे माझं ठाम मत.

त्यात गणपतीनंतर काकू दिसेनाशा झाल्या. रोज सकाळी कोथिंबिरीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी बाई, आणि आता तिचा आवाजही नाही. तळमजल्यावरच्या मॅडमनी ग्रुपवर विचारलं, काकू गावाला गेल्यात का? काकांनी लिहिलं, "गेली असती तर तुम्हाला सांगून गेली नसती का?" वाचा पुन्हा. यात हो आहे? नाही आहे? मग एकदा दूध आणायला निघालेले काका दाराला बाहेरून कुलूप घालताना मला दिसले, आणि आत भांडं पडल्याचा आवाज आला. घरात माणूस असताना कुलूप कशाला, असा मी त्यांना एकट्यांना मेसेज केला. "तुम्ही दार सताड उघडं ठेवता का?" नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

एका दुपारी वाटीभर खीर घेऊन मी थेट वरच गेले. आतलं दार उघडं, जाळीच्या दाराला कुलूप. खुर्चीतल्या काकू काकांना विचारत होत्या, "तुम्ही कोण?"

"मी तुझा नवरा."

"माझी आई कुठंय?"

"ती आता नाही. मी आहे."

जरा वेळाने पुन्हा, तुम्ही कोण? पुन्हा तेच सरळ उत्तर, त्याच शांत आवाजात. काकांनी मला पाहिलं आणि ते जाळीपाशी आले. ती एकदा एकटीच स्वारगेटपर्यंत चालत गेली होती, म्हणून कुलूप, असं म्हणाले.

"ग्रुपवर टाकू नका. कुणी कीव केलेली तिला चालायची नाही."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी पुन्हा चौकशी केली. काकांच्या आधी मीच लिहिलं, "काकूंनी तुमचं काही घेतलंय का?" तेव्हापासून मॅडम माझ्याकडेही संशयाने बघतात. बघू देत.

उन्हाळ्यात त्यांची लेक दोघांना कात्रजला आपल्या घरी घेऊन गेली. काका ग्रुपमधून बाहेर पडले. परवा न राहवून मी मेसेज केला, काकू कशा आहेत? आता येईल काहीतरी तिरकस, असं वाटलं. खरं सांगू, मला तेच हवं होतं.

उत्तर आलं, "आता ती काहीच विचारत नाही."