चष्म्याच्या दुकानातले अनोळखी लेखक

चष्म्याच्या दुकानात लोक काय काय विसरून जातात, ते फारूकभाईंना विचारा. छत्र्या, डबे, एकदा तर कवळी. आमचे किस्से तसेच साठलेत. कोणी न्यायला येत नाही आणि टाकवतही नाहीत.

फारूकभाईंचं दुकान पनवेलच्या बाजारात. रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघं तिथे बसतो: फारूकभाई, मराठीच्या निवृत्त शिक्षिका जोशी मॅडम, द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर असलेला दत्ता आणि मी. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, त्यामुळे विनोदाची गरज सगळ्यात जास्त मला. आम्ही फक्त विनोदी कादंबऱ्या वाचतो, त्याही ज्यांचं नाव कोणी ऐकलेलं नाही अशा लेखकांच्या. स्वतःच पुस्तक छापून स्वतःच्याच पलंगाखाली ठेवणारी ही माणसं. त्यांना हुडकून काढायचं, हाच आमचा धंदा.

* * *

एका कादंबरीतला सोसायटीचा सेक्रेटरी आम्हाला इतका आवडला, की मी मागच्या पानावरच्या नंबरवर लेखकाला फोन लावला. "नमस्कार, मी पनवेलहून बोलतेय," म्हणेपर्यंत "लोन नको" म्हणून त्यांनी कट केला. दुसऱ्यांदा "क्रेडिट कार्ड पण नको."

मग मी नमस्कार वगैरे सोडून एका दमात म्हणाले, "तुमची कादंबरी वाचली."

मला वाटलं, परत कट झाला. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "सगळी?"

* * *

जवळचा नंबर तपासायला फारूकभाईंकडे छापील कार्ड असतं, ते बाजूला ठेवून हल्ली ते कादंबरीचं पान देतात. "तपासणी की तपासणी, पब्लिसिटी की पब्लिसिटी," असं त्यांचं म्हणणं.

एकदा एक आजोबा आले. दोन ओळी नीट वाचल्या आणि म्हणाले, "आता पुसट दिसतंय." फारूकभाईंनी भिंग बदललं. आणखी दोन ओळी, पुन्हा पुसट. पुन्हा भिंग बदललं. शेवटी फारूकभाईंनी वाकून बघितलं, तर आजोबांचे डोळे हसून हसून पाण्याने भरलेले.

"चाचा, नंबर तसाच आहे तुमचा," फारूकभाई म्हणाले. "चष्मा नको तुम्हाला."

"चष्मा राहू दे," आजोबा म्हणाले. "पान उलटा."

* * *

पळस्पेजवळच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. जोशी मॅडम मुलीकडून. मुलीच्या वडिलांनी रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येकाला स्वतःची कादंबरी वाटली. लोकांनी काय केलं असेल? आइस्क्रीम खाल्लं आणि पुस्तकं खुर्च्यांवर ठेवून निघाले.

पाठवणीच्या वेळी वडील हुंदके देऊन रडायला लागले. सासरची मंडळी गहिवरली. सासूबाई म्हणाल्या, "काळजी करू नका हो, आम्ही तिला मुलीसारखं सांभाळू."

नवरी शांतपणे म्हणाली, "आई, ते माझ्यासाठी रडत नाहीयेत. मागे खुर्च्या बघा."

मॅडमनी त्या सगळ्या प्रती गोळा करून रिक्षाने आमच्याकडे आणल्या. कादंबरी झकास निघाली, हे सांगायलाच हवं. तिच्यातला विहीण-विहीण संवाद फारूकभाईंना अजून तोंडपाठ आहे.

* * *

आता जोशी मॅडमचं एक दुखणं सांगते. त्यांना लाल पेनाशिवाय वाचताच येत नाही. चुका दुरुस्त करतात, समासात शेरे मारतात आणि ती प्रत लेखकाला पोस्टाने पाठवतात. कर्जतकडच्या एका बिचाऱ्याने तीच प्रत दुसऱ्या आवृत्तीसाठी छापखान्यात दिली. तिथल्या माणसाने काना-मात्रेसकट सगळं इमानदारीत टाइप केलं.

पुस्तक आलं. नायक धरणाच्या भिंतीवर उभा राहून नायिकेला लग्नाचं विचारतो. नायिका मान खाली घालते आणि म्हणते, "येथे हसू आले नाही. पुन्हा पाहावे."

लेखक हवालदिल झाला. पण ज्यांनी ज्यांनी वाचलं, त्यांना तेच वाक्य सगळ्यात आवडलं. मॅडम त्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत पर्समध्ये घेऊन फिरतात.

* * *

आमच्या दत्तानेही कादंबरी लिहिली. उरणच्या बाजारात मासळी विकणारी एक म्हातारी, सगळ्या गावाशी भांडणारी. म्हातारी म्हणजे उघडउघड त्याची ताराआत्या, जिने त्याला लहानाचं मोठं केलं. आत्याला वाचता येत नाही. पण कोणीतरी तिचे कान भरले, "भाच्यानं तुजी टिंगल छापलीय." झालं. आत्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. दत्ता जेवेना, हसेना. आम्हाला त्याचं तोंड बघवेना.

फारूकभाई म्हणाले, "आत्यांना इथेच बोलवू. वाचून दाखवू. टिंगल नाही, प्यार आहे, हे कळेल त्यांना."

आत्या आली. काष्टा, अबोलीचा गजरा, आणि भाच्याकडे पाठ करून बसली. जोशी मॅडमनी पुस्तक उघडलं. आता छपाईआधी मजकूर तपासला होता कोणी? मॅडमनीच. मासळीची पाटी नेत नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्याशी भांडणाचा प्रसंग त्या स्वच्छ उच्चारात वाचू लागल्या: "अहो रिक्षाचालक, दुर्गंध माझ्या पाटीला नसून आपल्या नाकातच दोष आहे."

आत्या ऐकत राहिली. मग हळूच वळून दत्ताला म्हणाली, "ही कोन मास्तरीन हाय रं? ही मी नाय. लोक उगाच बोलतान. चल, घरी जेवायला चल."

सुटलो. मी दत्ताला चिमटा काढला, आता गप्प बस म्हणून. पण त्याचा चेहरा पडला होता. आत्या परत मिळाली, पण पुस्तकात ती नव्हतीच, हे त्याला सहन होईना. त्याने मोबाइल काढला. मॅडमचा हात लागायच्या आधीचा मजकूर त्यात होता.

"आत्या, मी असं लिवलं व्हतं," म्हणाला आणि वाचायला लागला. "ए रिक्षावाल्या, वास माज्या पाटीला नाय, तुज्या नाकाला हाय..."

आत्या ताठ झाली. फारूकभाई टेबलावरच्या फ्रेम उगाच पुसत बसले. दत्ता भांडण संपेपर्यंत वाचत राहिला.

"थांब," आत्या म्हणाली.

तो थांबला.

"याच्यापुडं मी त्याला दोन शिव्या दिल्या व्हत्या. त्या कुठं गेल्या?"