पाचव्या झाडाला सलाईन नको

माझी मावशी एका मोठ्या ऑफिसच्या आवारात माळीकाम करते, एकवीस वर्षं झाली. आम्ही तिला झाडांची डॉक्टरीण म्हणून चिडवतो. ती म्हणते, "डॉक्टरला मान मिळतो गं, मला पालापाचोळा मिळतो."

गेटपाशी पाच झाडं होती. चार तिने स्वतः लावलेली, पाचवं तिच्याही आधीचं, प्रचंड. यंदा पाचही पिवळी पडली. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे भूक. साहेबांनी सरळ सांगून टाकलं, "दीड महिना देतो. हिरवी दिसली तर ठीक, नाहीतर पार्किंग."

मग खत द्यायचं कसं यावरून रोज वाद.

साहेब म्हणाले, "वरून पसरा आणि पाणी मारा, त्यात काय?"

"खाली लॉन आहे ना साहेब. सगळं गवतच खाणार. लेकराचं ताट पाहुणा जेवून जाईल!"

"मग औषधाचं सलाईन लावा खोडाला. शेजारच्या बिल्डिंगमध्ये लावलं, तीन आठवड्यांत हिरवंगार."

"खोडाला भोक पाडलं की ती जखम झाड जन्मभर आत घेऊन उभं राहतं."

तिला जमिनीत भोकं पाडून खत द्यायचं होतं. तेच बरोबर होतं, पण त्याचा रंग दिसायला नवी पालवी फुटावी लागते. दीड महिन्यात काय दिसणार, कप्पाळ!

त्या आठवड्यात ती धड जेवलीच नाही. मला म्हणाली, "नीट केलं तर कापतील, वाईट केलं तर वाचतील. काय करू, सांग ना!" मी म्हटलं, "लाव सलाईन!" दुसरं काय सांगणार होते मी?

तिने चार झाडांना लावलं. प्रत्येक वेळी ड्रिल फिरताना तोंड दुसरीकडे केलं. पाचव्याच्या खोडावर खुरप्याच्या मुठीने ठोकलं तर ढब्ब आवाज आला. आतून पोकळ. औषध पोकळीतच गळून गेलं असतं. मग बाराच्या उन्हात त्याची सावली जिथे संपते तिथे तिने चुन्याचं रिंगण घातलं. "झाडाचं तोंड इथे असतं, खोडापाशी नाही." त्या रिंगणावर पहारीने साठ भोकं पाडली, खत भरलं, आणि रोज वर बघत बसली.

दीड महिन्याने चार हिरवी, पाचवं पिवळंच.

"अजून दोन महिने द्या साहेब, पाया पडते."

"मावशी, चार वाचली ना? उगाच हट्ट नको."

शनिवारी सकाळी करवतवाले आले. अकरापर्यंत झाड आडवं. मी कॉलेज बुडवून गेले होते, तिला एकटीला कसं सोडणार? करवतवाले गेल्यावर ती गुडघ्यांवर बसून एक भोक उकरायला लागली. आत पांढऱ्या मुळ्यांचा पुंजका होता, शेवयांसारखा, खताला घट्ट धरून बसलेला. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही.

"खात होतं गं," ती म्हणाली. "खायला लागलं होतं."

मी म्हटलं, "साहेबांना बोलावते! बघू दे त्यांना!"

"बोलवून काय जोडणार आहेस का ते?"

तरी ती पुढचं भोक उकरतच राहिली. मी हात धरला तर झटकला.