फाट्यावर माझा हार घातलेला फोटो

सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. मंडळी, मी एकदा मेलो होतो. चौसाळ्याच्या फाट्यावर, भल्यामोठ्या फ्लेक्सवर, हार घालून, दोन्ही बाजूंना समया तेवत.

हसू नका, आधी ऐका.

आमची बीडची छोटीशी संस्था. एड्सनं गेलेल्यांची जाहीर आठवण काढायची आणि जे जगताहेत त्यांच्या औषधांसाठी, मानासाठी भांडायचं, असा एक कार्यक्रम जगभर चालतो. आम्ही तो चौसाळ्याजवळच्या एका गावात करायचो. आदल्या वर्षी मोजकी माणसं आली. त्यातली निम्मी चहासाठी.

आता तो तालुकाभर न्यायचा होता. त्यासाठी अनुदान हवं होतं, आणि ते देणाऱ्यांच्या मॅडम दिल्लीहून बघायला येणार होत्या. त्यांची अट एकच. गावानं स्वतः पुढं येऊन आपल्या माणसांची आठवण काढलेली दिसली पाहिजे.

इथंच घोडं अडलं. कारण त्या गावात एड्सनं कुणी गेलंच नव्हतं. विचाराल त्याचा माणूस काविळीनं गेलेला.

मी सरूबाईंकडे गेलो. बचत गटाच्या अध्यक्ष. नवरा याच आजारानं गेला, त्या स्वतः गोळ्या घेऊन ठणठणीत. माझ्याशिवाय आणि दवाखान्याशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं. म्हटलं, "मावशी, काकांचा फोटो द्या. फ्लेक्सवर लावू."

"कावून? कशापायी?"

"लाजायचं कशाला? आजार म्हणजे काय गुन्हा आहे का?" आणि मी तिथंच भाषण सुरू केलं. कॉलेजात वक्तृत्वात बक्षिसं मिळवली की माणसाची अशी अवस्था होते.

त्या शेंगा फोडत होत्या. भाषण संपल्यावर म्हणाल्या, "झालं? आता माझं ऐक. फोटो आमचा, गाव आमचं, उद्या पाण्याला गेल्यावर बायका बाजूला सरतील त्या बी माझ्यापास्नंच. तुझं काय जातंय? एवढंच हाय तर तुझा लाव की आधी."

मी रागानं उठलो. एकाही घरानं फोटो दिला नाही.

तसाच तडकलेल्या डोक्यानं मी फ्लेक्सवाल्या बाळूला मजकूर पाठवला. 'एड्सने गेलेल्या आपल्या माणसांना भावपूर्ण श्रद्धांजली.' सोबत माझा फोटो. कशाला? अहो, आपल्याकडे कुठल्याही फ्लेक्सच्या तळाला आयोजकांची मुंडकी नकोत का? साध्या वाढदिवसाला वीस असतात.

बाळूचा फोन आला. "सर, एकदा बघून घेता का?"

"बघायला वेळ नाही. छाप आणि फाट्यावर बांधून टाक."

आता तुम्हीच सांगा, बाळूनं काय करावं? श्रद्धांजलीचा मजकूर, आणि पाठवलेला फोटो एकच. त्यानं तयार डिझाइन उघडलं आणि मला मधोमध बसवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी उमापूरच्या मामांचा फोन आला. उचलला तर पलीकडं हुंदके.

"काय झालं, मामा?"

हुंदके थांबले. "कोण बोलतंय?"

"मी विशाल."

"विशाल तर गेला की. तू कोण बे? मेलेल्या माणसाचा फोन वापरतो, लाज न्हाई वाटत?"

"मामा, मी जिवंत आहे."

"फाट्यावरचा फोटो आला की मला फोनवर. माळ घातली हाय. आमी जीप करून मातीला निघालोत."

गाडीला किक मारून मी फाट्यावर पोचलो. हॉटेलवाल्यानं मला पाहिलं आणि चहा कपात ओतायचा तो बशीत, मग टेबलावर ओतत राहिला. मी वर बघितलं. खरं सांगतो, फोटो छान आला होता.

फ्लेक्स उतरवायला शिडी शोधतोय, तोवर मॅडमची गाडी आली. मागं मामांची जीप. आणि गावाकडून माणसं. एवढी माणसं मी त्या गावात निवडणुकीतही पाहिली नव्हती. सगळी माझ्या मातीला निघालेली. मला उभा बघून पुढचे थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले.

"आरं, हा तर हाय."

"मग माती कुणाची हाय?"

एक म्हातारबा तर लईच नाराज झाले. "काम सोडून आलतो की रे."

अनुदान गेलं, असं म्हणून मी डोकं धरून खाली बसलो. तेवढ्यात सरूबाई गर्दीतून पुढं आल्या. आधी फ्लेक्सकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोळे भरलेले.

"लावलास की रे," त्या म्हणाल्या. "म्या आपलं रागात बोलले, आन् तू खरंच लावलास. जिवंतपणी हार घालून घेतलास, आमच्यासाठी."

मी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला भाषण सुचलं नाही.

त्यांनी पदराआडून फोटो काढला. लग्नातला, फेट्यातला. माझ्या फ्लेक्सखाली कट्ट्यावर ठेवला आणि गावाकडं तोंड करून म्हणाल्या, "हे माझे मालक. कावीळ न्हाई, एड्सनं गेले. आन् मी बी गोळ्या खाते. ज्याला बाजूला सरायचं त्यानं आताच सरावं."

कुणी सरलं नाही. आधी एक म्हातारी घराकडं पळाली, मग दोघी-तिघी. दिवेलागणीला कट्ट्यावर फोटोंची रांग लागली होती आणि प्रत्येकासमोर पणती. मामांनीही एक लावली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

मॅडम मूळच्या नागपूरच्या, त्यांना सगळं कळत होतं. चष्मा पुसत म्हणाल्या, "ही कल्पना कुणाची?"

"माझी," सरूबाई म्हणाल्या. "ह्यानं फकस्त ऐकलं. पयल्यांदाच."

अनुदान मिळालं, मंडळी. सगळ्या तालुक्यासाठी. आता सरूबाई गावोगाव बोलतात आणि बायका घरातून फोटो आणतात. फक्त मॅडमनी एक अट घातली. सुरुवात जशी इथं झाली, तशीच प्रत्येक गावात करायची. त्याच फ्लेक्सनं.

परवा पाटोद्याहून मला बघायला पाहुणे येणार होते. आईनं पोहे करून ठेवले होते. पाहुणे वाटेतल्या एका फाट्यापर्यंत आले, तिथं खाली उतरले, फ्लेक्सला हात जोडले आणि परत गेले. मध्यस्थाला तेवढा निरोप देऊन गेले.

"स्थळ चांगलं होतं. आमालाच उशीर झाला."